भाकरीवरचे तीळ

गेल्या भोगीची गोष्ट. बाजरीचं पीठ मळून झालं होतं, ताटलीत तीळ काढून ठेवले होते, तवा तापत होता. आमची धाकटी तेव्हा बारावीला. अभ्यासाचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली होती खरी, पण पुस्तक नावालाच. मांडीवर लॅपटॉप आणि त्यावर कुठलीशी जुनी इंग्रजी मालिका. सूर ओळखीचे वाटले म्हणून वाकून पाहिलं, तर ‘स्टार ट्रेक’! १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची तीच. आमच्या सबंध आळीत तेव्हा दोन टीव्ही. शेजारच्या काकूंच्या ओसरीवर आम्ही मुलं दाटीवाटीनं बसायचो आणि तो टोकदार कानांचा स्पॉक डोळे विस्फारून बघायचो. इंग्रजी एक अक्षर कळायचं नाही. पण कॅप्टननं हुकूम सोडला की तारे झरझर मागं पळायचे आणि यान कुठल्या कुठं जायचं, तेवढं मात्र कळायचं.

“आई, हे यान प्रकाशाच्याही पुढं जातं. खरंच होईल का गं असं कधी?” तिनं विचारलं.

माझं सगळं लक्ष भाकरीच्या कडेकडे. “छे! जमायचं नाही,” मी म्हणाले.

तिनं लॅपटॉप मिटला. “तुला ना, काहीच जमायचं नसतं,” एवढं बोलून ती उठून गेली.

तो टोमणा यानाबद्दल नव्हता, हे मला कळलं. दोनच दिवसांपूर्वी तिनं विषय काढला होता. तिला भौतिकशास्त्र शिकायचंय, आणि तेही बंगळूरला जाऊन. सांगलीहून एका रात्रीचं अंतर. तेव्हाही मी पोळ्या लाटता लाटता हेच म्हणाले होते, “जमायचं नाही.” का जमायचं नाही, ते तिनं विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

सणाचं जेवण झालं, भांडी आवरली, पण मन काही थाऱ्यावर येईना. मैत्रिणींनो, एक सांगायचं राहिलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले आहे आणि माझाही विषय भौतिकशास्त्रच होता. लग्न ठरलं आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. म्हटलं, निदान या यानाचं तरी नीट बघू या. खरंच जमायचं नाही, की आपण सवयीनं म्हणतोय? दुपारची झोप बंद केली. वाचनालयातून दोन पुस्तकं आणली, अडलं तिथं लेकीचा लॅपटॉप घेतला. महिनाभर हा उद्योग चालला होता. आमचे हे म्हणायचे, “आमटीत मीठ कमी पडलं की समजायचं, आज यान लांब गेलंय!”

आधी अंतराचंच बघा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून आपल्याकडे यायला त्याला सव्वा सेकंद लागतो, सूर्यावरून ८ मिनिटांहून थोडं जास्त. आणि सूर्य सोडला तर सगळ्यांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, तिथून निघालेला प्रकाश पोचायला सव्वाचार वर्षं! आता माणसानं पाठवलेलं यान घ्या. १९७७ साली सोडलेलं ‘व्हॉयेजर १’ सेकंदाला १७ किलोमीटर पळतंय. त्या वेगानं सांगलीहून बंगळूर पाऊण मिनिटात येईल. पण त्याच वेगानं त्या जवळच्या ताऱ्याकडे निघालं, तर पोचायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील.

मालिका लिहिणाऱ्यांची अडचण यातून लक्षात येते. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. जीन रॉडनबेरी हा तिचा जनक. दर आठवड्याला नवा तारा, नवी माणसं दाखवायची, तर ७५ हजार वर्षं थांबून कसं चालेल? म्हणून त्यांनी यानाला ‘वार्प ड्राइव्ह’ दिला. वार्प म्हणजे मुरड. करंजीच्या कडेला आपण घालतो तशीच मुरड, पण ही घालायची अवकाशाला. मूळ मालिकेतला हिशेब मोठा गमतीचा आहे. वार्प १ म्हणजे प्रकाशाचा वेग. पुढं आकडा तीनदा मांडून गुणाकार करायचा. वार्प २ म्हणजे प्रकाशाच्या ८ पट, वार्प ३ म्हणजे २७ पट. वार्प ६ ला २१६ पट होतात. म्हणजे प्रॉक्झिमाला पोचायला साधारण सात दिवस. एका रविवारी निघालं की पुढच्या रविवारी हजर! (१९८७ च्या नव्या मालिकेत ही मापं बदलली, पण मला आपली जुनीच पसंत.)

आता या यानाच्या चुलीत जळतं काय? तर द्रव्य आणि प्रतिद्रव्य. हे दोन्ही एकमेकांना भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि उरते निव्वळ ऊर्जा. मालिकेत या दोघांना ‘डायलिथियम’ नावाच्या स्फटिकात आवरून धरतात आणि निघालेली ऊर्जा यानाच्या पाठीमागच्या दोन लांब नळकांड्यांत नेतात. तिथं यानाभोवती अवकाशाचा एक बुडबुडा तयार होतो.

यातला स्फटिक कल्पनेतला. प्रतिद्रव्य मात्र अगदी खरं आहे बरं का. पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणात त्याची चाहूल लागली आणि १९३२ साली कार्ल अँडरसन यांना त्याचा पहिला कण सापडला, इलेक्ट्रॉनचा उलटा भाऊ, पॉझिट्रॉन. मोठ्या इस्पितळात ‘पेट स्कॅन’ करतात तो याच पॉझिट्रॉनच्या जोरावर. एवढंच काय, आपल्या फळांच्या टोपलीतलं केळंसुद्धा त्यातल्या पोटॅशियममुळे तास-दीड तासाला असा एखादा कण सोडतं. ऊर्जा म्हणाल तर अर्धा ग्रॅम द्रव्य आणि अर्धा ग्रॅम प्रतिद्रव्य मिळून अडीच कोटी युनिट वीज होईल. महिन्याला २०० युनिट जाळणारी दहा हजार घरं वर्षभर चालतील! पण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आजवर जेवढं प्रतिद्रव्य तयार झालं, ते सगळं गोळा केलं तरी एका ग्रॅमचा दहा लाखावा भागही भरायचा नाही. केशर परवडलं म्हणायची पाळी.

बरं, समजा इंधन मिळालं. तरी नुसता जोर लावून प्रकाशाच्या पुढं जाता येत नाही. आइनस्टाइन यांनी १९०५ साली दाखवून दिलं की वस्तू प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊ लागली की तिला आणखी थोडं पळवायला मागच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते. आणि नेमका तो वेग गाठायचा म्हटलं, तर लागणाऱ्या ऊर्जेला अंतच राहत नाही. इथं घासाघीस नाही, वशिला नाही. हे निसर्गाचं ‘नाही’.

पण हे ‘नाही’सुद्धा शास्त्रज्ञ डोळे मिटून मानत नाहीत, हे मला फार आवडलं. २०११ च्या सप्टेंबरात एक बातमी आली होती, तुम्हालाही आठवत असेल. सर्नहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत, जमिनीतून ७३० किलोमीटर, न्यूट्रिनो नावाचे कण पाठवले होते. ते प्रकाशाहून ६० अब्जांश सेकंद आधी पोचल्यासारखे दिसले! प्रयोग करणाऱ्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यांनी ते दडपलं नाही आणि मिरवलंही नाही. जगाला सांगितलं, की आमची चूक शोधा. काही महिन्यांनी ती सापडली. एक केबल नीट घट्ट बसलेली नव्हती! आमचं मिक्सर असंच आठ दिवस बंद होतं. नवीन घ्यायचं ठरत आलं होतं, आणि निघाली पिन ढिली.

तर मग वाटच बंद म्हणायची का? इथं माझ्या कामी आली भोगीची भाकरी. भाकरी थापताना तिच्यावर तीळ लावतो, पाहा. थापत गेलं की भाकरी पसरते आणि तीळ एकमेकांपासून लांब जातात. तीळ काही चालत गेलेले नसतात. त्यांच्याखालचं पीठ पसरलेलं असतं. आपलं विश्वही तसंच पसरतंय. फार दूरच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशाहून जास्त वेगानं लांब जाताहेत आणि तरी कुठलाही नियम मोडत नाही. कारण वेगाची मर्यादा आहे ती अवकाशातून पळणाऱ्याला. खुद्द अवकाशानं किती जोरात ताणायचं नि आकसायचं, यावर तशी मर्यादा नाही. अवकाश वाकतं, ताणतं, हे आइनस्टाइन यांनीच १९१५ साली सांगून ठेवलंय.

१९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञानं हाच धागा पकडला. तो तेव्हा वेल्समध्ये कार्डिफला संशोधन करत होता आणि त्याच्या निबंधाच्या मथळ्यातच ‘वार्प ड्राइव्ह’ हा शब्द आहे. मालिकेतून उचललेला! त्यानं म्हटलं, यानाच्या पुढचं अवकाश आकसू द्या, मागचं पसरू द्या. असं समजा, अंगणात नऊवारी पसरली आहे आणि एका टोकाला मुंगी आहे. मुंगीच्या पुढचं कापड निऱ्यांसारखं गोळा करत जायचं आणि तिच्या मागं निऱ्या सोडत जायचं. मुंगीच्या पायाखालचा चौकोन सपाटच राहतो, ती पाऊलही टाकत नाही, आणि दुसरं टोक गाठते. यानातल्या माणसांना धक्का बसत नाही. त्यांचं घड्याळ घरच्या घड्याळाबरोबरच चालतं. म्हणजे ताऱ्याला जाऊन आलेल्या आईला मुलं म्हातारी झालेली दिसायची नाहीत. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून क्षणभर गप्प बसले. समीकरणं याला ‘नाही’ म्हणत नाहीत!

मग अडतं कुठं? अडतं ते खर्चात. अवकाशाला अशी मुरड घालायला ‘उणे ऊर्जा’ लागते. पिठाचा डबा रिकामा असणं वेगळं. डबा रिकामा आहे आणि शेजारणीच्या दोन वाट्या द्यायच्या राहिल्या आहेत, हे वेगळं. म्हणजे रिकाम्याहूनही कमी! निसर्गात अशी उधारी असते, पण अगदी नखाएवढी. १९४८ साली डच शास्त्रज्ञ कासिमिर यांनी सांगितलं की निर्वात जागेत दोन धातूचे पत्रे अगदी जवळ ठेवले तर ते एकमेकांकडे ओढले जातील, कारण त्यांच्यामधली ऊर्जा रिकाम्या जागेहून कमी असते. १९९७ साली ते बारकाईनं मोजून खरं ठरलं. पण पत्र्यांमधल्या त्या फटीवर यान कसं चालणार?

त्याच १९९७ साली दोघांनी अल्कुबिएरेच्या यानाचा हिशेब मांडला. दिसणाऱ्या सबंध विश्वात जेवढं द्रव्य आहे, त्याच्याहूनही कितीतरी पट उणे ऊर्जा लागेल, असं निघालं. मला वाटलं, संपलं. पण नाही. १९९९ साली व्हान डेन ब्रुक या बेल्जियन शास्त्रज्ञानं बुडबुड्याचा आकार बदलून तोच खर्च काही सूर्यांच्या वजनावर आणला. २०११ च्या सुमारास नासातले हॅरॉल्ड व्हाइट म्हणाले, कडेचा आकार आणखी बदला, मग व्हॉयेजरएवढ्या वजनात भागेल. त्यांचा हिशेब सगळ्यांना पटलेला नाही. आणि २०२४ साली काहींनी उणे ऊर्जा अजिबात न लागणारा बुडबुडा मांडला. फक्त तो प्रकाशाहून हळू जातो आणि त्याला गुरू ग्रहाच्या दुपटीहून जास्त वजन लागतं. शिवाय इतर अडचणी आहेतच. प्रकाशाहून जोरात जाणाऱ्या बुडबुड्यात कॅप्टनचा हुकूम त्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोचतच नाही, मग थांबायचं कसं? आणि थांबलाच, तर वाटेत गोळा झालेले कण एकदम सुटून समोरचं सगळं भाजून काढतील, असं २०१२ साली सिडनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. पाहुणे दारात यायच्या आधीच घराची राख!

म्हणजे हे दुसऱ्या तऱ्हेचं ‘नाही’. नियम आडवा येत नाही. सामान मिळत नाही आणि खर्च पेलत नाही. गृहिणीला हा फरक कुणी शिकवायला लागत नाही. दूध नासलं तर त्याचं पुन्हा दूध होत नाही, हे एक ‘नाही’. या महिन्यात श्रीखंड करायचं नाही, हे दुसरं. दुसऱ्यात आकडे मांडता येतात, काटकसर करता येते, पुढच्या महिन्याची वाट बघता येते. तीस वर्षं ती माणसं नेमकं हेच करत बसली आहेत.

हे सगळं एका दुपारी सासूबाईंना सांगत होते. त्या सोलाणे सोलत होत्या. यान-बिन त्यांना किती पोचलं कोण जाणे, पण म्हणाल्या, “तुला एवढी गोडी होती, तर शिक्षण सोडलंस कशाला गं?”

मी हसून म्हटलं, “आई, तुम्हीच तर थांबायला तयार नव्हता ना! वर्षभर थांबला असता तर पदवी झाली असती.”

त्यांचे हात थांबले. “आम्ही? आम्हाला कुणी विचारलंच नाही. बैठकीत तुझे वडील म्हणाले, मुलीला पुढं शिकायचं नाही. आम्ही म्हटलं, बरं. तिला हवं असतं तर इथून कॉलेज किती लांब होतं?”

मला काय बोलावं सुचेना. पंचवीस वर्षं मी मनात धरून होते, की सासरच्यांनी अडवलं. घरात मला तसंच सांगितलं होतं. वडिलांच्या मागं माझ्या आणखी दोन बहिणी उजवायच्या होत्या. एका वर्षाची फी आणि लग्नाचं लांबणं त्यांना पेललं नसेल. ते आता नाहीत. राग तरी कुणावर धरायचा? पण त्यांनी मला “परवडत नाही” म्हटलं असतं, तर मी काहीतरी केलं असतं. शिकवण्या केल्या असत्या, सासरी येऊन स्वतः विचारलं असतं. ते “जमायचं नाही” म्हणाले आणि मी ते निसर्गाचा नियम असल्यासारखं मानलं. हे तिसरं ‘नाही’. यात नियम नाही, खर्चाचा आकडाही नाही. कुणी विचारलेलंच नाही.

आणि मी तेच लेकीच्या हातावर ठेवलं होतं! थोरल्याला पुण्याला इंजिनिअरिंगला धाडताना आम्ही कर्ज काढलं. तेव्हा “जमायचं नाही” हे शब्द घरात उमटले नव्हते. “जमवू या” म्हणालो होतो. ही मुलगी, लांब जाणार, तिथं एकटी राहणार, उद्या लग्नाचं बघायचं, आणि थोरल्याच्या कर्जाचे अजून दोन वर्षांचे हप्ते बाकी. यातलं खरं कारण कुठलं आणि भीती कुठली, हे मी स्वतःशीसुद्धा मोकळं केलं नव्हतं.

त्या रात्री हिशेबाची वही घेऊन तिच्यापुढं बसले. म्हटलं, “बाळ, मी चुकीचं बोलले. जमायचं नाही असं नाही. परवडेल का, ते मला ठाऊक नाही. ये, मांडू या.” ती आधी गंमत समजली. मग खुर्ची ओढून बसली. फी, वसतिगृह, खाणावळ, जाणं-येणं. हेही चष्मा शोधत आले आणि हप्त्याचा आकडा त्यांनीच लिहिला. जमेच्या बाजूला मी लिहिलं, ‘पाटल्या’. तिनं पेन घेऊन ते खोडलं आणि खाली लिहिलं, ‘शिष्यवृत्ती?’ सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “माझी पेन्शन लिहा त्यात. विचारलं नाही तर कळणार कसं?” तरी दोन्ही बाजूंचं तोंडमिळवणीला आलं नाही. बरंच अंतर राहिलं. पण अंतर किती, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि लेकीच्या चेहऱ्यावरचा तो घट्टपणा गेला होता.

अर्ज भरला आहे. प्रवेश मिळेल की नाही, मिळाला तर उरलेलं कुठून आणायचं, हे या घडीला सांगता येत नाही. भीती तर आहेच, ती आईला सुटत नाही. “रात्री एकटी कशी येशील-जाशील?” हे मी तिला तसंच, त्याच शब्दांत सांगते आता. त्यावर तिचं उत्तर असतं, माझा प्रतिप्रश्न असतो. वाद होतात, पण बोलणं होतं.

परवा ती परत ती मालिका लावून बसली होती. मी कोथिंबीर निवडत तिच्या शेजारी टेकले. कॅप्टननं हुकूम दिला, तारे मागं पळाले.

“मग, झाला का तुमचा अभ्यास?” तिनं डोळे मिचकावले. “होईल का असं यान?”

“सध्या परवडत नाही,” मी म्हटलं. “पण विचारून ठेवलंय.”